एका वजाबाकीवर वर्षभर क्लास

अणूत किंवा आयनात किती इलेक्ट्रॉन आहेत हे काढायला एक वजाबाकी पुरते. मूलद्रव्याचा अणुअंक घ्यायचा, त्यातून प्रभार वजा करायचा आणि उत्तराखाली रेघ मारायची. सोडिअमचा अणुअंक ११, सोडिअम आयनावर एक प्लस, ११ वजा १ म्हणजे १०. झाले. हातापायांची बोटे धरली तर पहिल्या वीस मूलद्रव्यांपर्यंत वहीसुद्धा लागत नाही.

अडचण एवढीच की एका वजाबाकीची वर्षभराची फी कोणी देत नाही. ती तीन हप्त्यांत, हसतमुखाने आणि पावती न मागता द्यायला कशी लावायची, हे इथे विरारमधल्या नवशिक्या क्लासचालकांसाठी पायरीपायरीने सांगितले आहे. रसायनशास्त्र येत नसेल तरी बिनधास्त वाचा. येत असेल तर जरा जपून, कारण या धंद्यात तोच तुमचा मोठा अडथळा ठरणार आहे.

विरारच का, असा प्रश्न पडला असेल तर तुम्ही विरारचे नाही. इथले आईबाप पहाटे डबा भरून गाडी पकडतात आणि पोरगं झोपल्यावर घरी परततात. मुलाची वही त्यांना दिसते ती रविवारी, मटणाच्या रांगेत जायच्या आधी पाच मिनिटे. अशा वेळी लाल पेनाने भरलेली पाने दिसली की जीव भांड्यात पडतो. पानांवर काय लिहिले आहे ते वाचायला वेळ कुणाला आहे? त्यात राज्य मंडळानेही तुमची सोय करून ठेवली आहे. आठवीत ‘अणूचे अंतरंग’, नववीत ‘द्रव्याचे मापन’, दहावीत ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’. वजाबाकी तीच, वर्षे तीन. तयार चुलीवर फक्त भांडे चढवायचे आहे.

पायरी १. पाटी लावा.

ग्लोबल सिटी, बोळींज, मनवेलपाडा, कारगिल नगर, कुठेही चालेल. शेअर रिक्षा दारापर्यंत आली पाहिजे आणि खाली झेरॉक्सचे दुकान पाहिजे, बस. पाटीवर ‘फाउंडेशन’ हा शब्द असू द्या. कशाचे फाउंडेशन ते कुणी विचारत नाही. बोधचिन्ह म्हणून अणूचे ते नेहमीचे चित्र टाका: मध्ये गोळा, भोवती तीन लंबगोल आणि प्रत्येकावर एकेक ठिपका. तीन ठिपके म्हणजे तीन इलेक्ट्रॉन, म्हणजे तुमच्या क्लासचे बोधचिन्ह लिथिअम आहे. हे तुम्हाला कळले नसेल तर काळजी नको, विद्यार्थ्यांनाही पुढची तीन वर्षे कळणार नाही. एखाद्याला कळलेच तर त्याला पहिल्या बाकावर बसवू नका.

पायरी २. अणुअंक कुठे असतो ते नक्की सांगू नका.

अणुअंक म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनची संख्या. प्रभार नसलेल्या अणूत इलेक्ट्रॉनही तितकेच. इतके सरळ असेल तर पुढे शिकवायचे काय? सुदैवाने छापखाने मदतीला आहेत. मुलाच्या पुस्तकात संज्ञेच्या डावीकडे दोन आकडे असतात, त्यात वरचा अणुवस्तुमानांक आणि खालचा अणुअंक. क्लासच्या भिंतीवर जो रंगीत तक्ता लावाल त्यात बहुधा उलटे असते: अणुअंक वर, वस्तुमान खाली. तुम्ही एवढेच करायचे की सोमवारी पुस्तकातून शिकवायचे आणि मंगळवारी तक्त्यावरून. बुधवारी निम्म्या वर्गाच्या क्लोरीनला ३५ इलेक्ट्रॉन फुटलेले असतील, आणि एका प्रामाणिक मुलाने तक्त्यावरून साडेपस्तीस लिहिले असतील. त्या साडेपस्तीसवाल्याला ओरडू नका. निसर्गात क्लोरीनचे सुमारे ७६ टक्के अणू ३५ चे आणि २४ टक्के ३७ चे, त्यांची ती सरासरी आहे. पण हेही त्याला सांगू नका. तो विषय पायरी ९ मध्ये वेगळी फी घेऊन येणार आहे.

यावरचा तोडगा ‘दोन आकड्यांपैकी लहान तो अणुअंक’ इतका सोपा आहे. हायड्रोजनमध्ये दोन्ही एकच असू शकतात, तिथे भांडणच नाही. हा तोडगा दिवाळीनंतर ‘आमच्या क्लासची खास ट्रिक’ म्हणून काढा. पोरे टाळ्या वाजवतात.

वजनाच्या भरवशावर राहिले की काय होते, याचा एक जुना दाखला जवळ ठेवा, पालकसभेत वजन पडते. अर्गॉनचे वस्तुमान ३९.९५, पोटॅशिअमचे ३९.१०. वजनाच्या क्रमाने बसवले तर पोटॅशिअम आधी येतो आणि सगळी पंगत बिघडते. १९१३ साली हेन्री मोझली नावाच्या इंग्रज तरुणाने क्ष-किरणांच्या मोजमापांतून दाखवून दिले की मूलद्रव्याचा खरा क्रमांक वजनावर नव्हे, केंद्रकातल्या धनप्रभारावर ठरतो. दोनच वर्षांनी, वयाच्या २७ व्या वर्षी, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. त्याने क्लास काढला असता तर बिचारा जगला असता.

पायरी ३. प्लस म्हणजे कमी, हे कारण न देता सांगा.

तुमच्या उत्पन्नाचा कणा तो हाच, म्हणून इथे घाई करू नका.

मूल बालवाडीपासून शिकत आले आहे की अधिकचे चिन्ह दिसले की वाढवायचे. आता त्याच्यासमोर मॅग्नेशिअम आयन येतो, डोक्यावर ‘टू प्लस’ घेऊन. मूल विश्वासाने १२ मध्ये २ मिळवते आणि १४ लिहिते. उत्तर १० आहे. त्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे दुखावलेपण दिसते ते नीट पाहून ठेवा, कारण तुमचे घरभाडे तिथून निघणार आहे. तीन आठवडे हीच चूक करू द्या. मग फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘धन आयनात इलेक्ट्रॉन कमी, ऋण आयनात जास्त.’ चौकट करा. चौकटीला आणखी एक चौकट करा.

पोरे ‘असे का?’ विचारतील. विचारणारच. तेव्हा बेंजामिन फ्रँकलिनचे नाव घ्या. विजेच्या एका प्रकाराला प्लस आणि दुसऱ्याला मायनस म्हणायची पद्धत त्याने १७४७ साली पाडली. आत काय वाहते हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, त्याने अंदाजाने बाजू निवडली. केंब्रिजच्या जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला तो १८९७ साली, बरोबर दीडशे वर्षांनी, आणि बघतात तर तो नेमका मायनसच्या बाजूचा निघाला. तोवर जगभरातली पुस्तके छापून झाली होती. फ्रँकलिनचे चित्र आज शंभर डॉलरच्या नोटेवर आहे. अंदाज उलटा पडला तरी माणूस नोटेवर जाऊ शकतो, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्यांना धीर येतो आणि तुमची वीस मिनिटे निघतात.

ऋण आयनांसाठी वेगळी बॅच ठेवा. क्लोराईडचा हिशेब १७ वजा, कंसात वजा १, बरोबर १८. दोन वजा मिळून अधिक होतात हे मुले पूर्णांक संख्यांच्या धड्यात शिकून आणि विसरून आलेली असतात. ती आठवण करून देणे हे खरे तर गणिताच्या सरांचे काम. तुम्ही फार तर त्यांच्याकडे बोट दाखवा, तेही तुमच्याकडे दाखवतील. दोघांचे चालेल.

पायरी ४. लोकलचे उदाहरण देऊ नका. (धोक्याची सूचना)

विरारमध्ये रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येक माणसाला कधी ना कधी हे उदाहरण सुचते, आणि तिथेच धंदा बसतो. उदाहरण असे: डब्यात ११ सीट आणि ११ माणसे. (सीट तितकीच माणसे म्हटल्याबरोबर वर्ग हसतो. हसू द्या.) सीट म्हणजे प्रोटॉन, त्या लोखंडी पट्ट्यांना बोल्टने बसवलेल्या, कुठे जात नाहीत. माणसे म्हणजे इलेक्ट्रॉन. दारात लटकणारा एक जण उतरला. आता सीट ११, माणसे १०, एक सीट शिल्लक, म्हणून प्लस एक. हा सोडिअम आयन. दुसऱ्या डब्यात १७ सीट आणि १७ माणसे होती, तो उतरलेला गडी तिथे चढला. १८ माणसे, एक उभा, म्हणून मायनस एक. हा क्लोराईड. माणूस उतरला की डब्याला बरे वाटते, तो प्लस. चढला की कपाळाला आठी, तो मायनस.

अडचण लक्षात आली ना? मुलाला ते समजते. गाडी नालासोपाऱ्याला पोहोचायच्या आत समजते. मग ते घरी जाऊन धाकट्या बहिणीलाही समजावते, आणि तुमचे पुढच्या दोन वर्षांचे गिऱ्हाईक हातचे जाते. ऑक्साईडमध्ये ८ सीट आणि १० माणसे, ॲल्युमिनिअम आयनात १३ सीट आणि १० माणसे, असे ते आपले आपण सांगू लागते. शेवटी एखादी पोरगी म्हणते, ‘सर, मग विरार फास्ट म्हणजे निऑन ना? कोणाला चढू देत नाही, बोरिवलीवाल्याला उतरू देत नाही!’ राजवायूंची याहून चांगली व्याख्या कुणी देऊ शकणार नाही, आणि ती तुमच्याकडून फुकट गेली.

मोहाला बळी पडून उदाहरण देऊनच बसलात तर ताबडतोब गुंतागुंत वाढवा. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस धरायचा की नाही? खिडकीची सीट आणि चौथी सीट यांचे कवच एकच का? फर्स्ट क्लासच्या डब्यात जाळीपलीकडून दिसणारे प्रवासी कोणत्या अणूचे? दहा मिनिटांत सगळे पुन्हा गोंधळतात.

त्यातूनही वेळ उरलाच तर इतिहासात शिरा. विरारहून बॅकबेला पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी सुटली. इलेक्ट्रॉन सापडला त्यानंतर तीस वर्षांनी. म्हणजे विरारकरांच्या एका पिढीने इलेक्ट्रॉनचे नावही न ऐकता प्रवास केला आणि तक्रार केली नाही. विजेची गाडी इथे आली १९३६ मध्ये, आणि २०१२ साली पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या तारांमधला डीसी जाऊन पंचवीस हजार व्होल्टचा एसी आला. तेव्हापासून डोक्यावरच्या तारेतले इलेक्ट्रॉन पुढे जातच नाहीत, जागच्या जागी सेकंदाला ५० वेळा मागेपुढे डुलतात. संध्याकाळच्या गाडीत मधोमध सापडलेल्या माणसाला हे वेगळे समजवावे लागत नाही.

पायरी ५. नोट्स झेरॉक्सच द्या. मूळ प्रत कधीही देऊ नका.

आयन लिहिताना दोन आकडे डोळ्यात तेल घालून पाहावे लागतात. खाली बसतो तो अणूंची संख्या सांगतो, वर बसतो तो प्रभार. तुम्ही फळ्यावर न लिहिता तोंडाने सांगा: ‘ओ टू मायनस, लिहून घ्या.’ आता दोन वर लिहिला तर तो ऑक्साईड, इलेक्ट्रॉन १०. दोन खाली आणि मायनस वर लिहिला तर सुपरऑक्साईड, दोन ऑक्सिजनचे १६ आणि वरचा एक, एकूण १७. दोन खाली आणि ‘टू मायनस’ही वर लिहिले तर पेरॉक्साईड, इलेक्ट्रॉन १८. एका श्वासात तीन उत्तरे, आणि तिन्ही बरोबर असल्याने तुम्हाला कोणतेही चूक ठरवता येते. जरा मोठ्या वर्गाला ‘एच जी टू टू प्लस’ सांगा. पाऱ्याचे दोन अणू, ८०-८० मिळून १६०, त्यातून दोन गेले, १५८. वर्गात त्या दिवशी पंखा सोडून कसलाही आवाज येत नाही.

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की सगळ्यात आधी मायनस पुसट होतो. तिसऱ्या प्रतीत तो ठिपका राहतो, चौथीत कागदाचाच डाग वाटतो. त्यामुळे सत्राच्या शेवटच्या बॅचला क्लोराईड आणि क्लोरीन यांत फरक दिसत नाही. हे आपोआप होते, वेगळे कष्ट लागत नाहीत.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नोट्स टाकत असाल तर त्याहून बरे. तिथे वरचे-खालचे आकडे एका ओळीत सपाट होतात. सल्फेटचा खालचा चार आणि वरचा दोन शेजारी येऊन बसतात आणि दिसते ‘एस ओ बेचाळीस मायनस’. कष्टाळू मूल गंधकाचे १६ घेते, त्यात बेचाळीस ऑक्सिजनांचे ३३६ मिळवते, मायनसचा एक चढवते आणि ३५३ हे उत्तर सुबक अक्षरात लिहून पाठवते. त्याला ‘व्हेरी गुड बेटा’ असा आवाजी संदेश पाठवा. तेवढा हिशेब बरोबर आहे.

पायरी ६. कवचांबद्दल एकदाच बोला आणि पुढे सरका.

पहिल्या कवचात २, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८ मावतात. तरी पोटॅशिअमचे संरूपण २, ८, ८, १. तिसऱ्यात जागा असताना शेवटचा गडी चौथ्यात का जाऊन बसला? ‘अकरावीत कळेल.’ अकरावीतल्या मुलाने विचारले तर ‘हे दहावीत झालंय ना तुमचं?’ एवढे पुरते.

पायरी ७. प्रात्यक्षिक फुकटात उरका.

तुमच्याकडे प्रयोगशाळा नाही. हरकत नाही, ती रविवारी सोसायटीत चालत येते. फिल्टर विकणारा येतो. त्याच्या पिशवीत दोन ग्लास असतात आणि प्लगला जोडायचे, खाली कांड्या लोंबणारे एक यंत्र. एका ग्लासात तो तुमच्या नळाचे म्हणजे टँकरचे पाणी भरतो, दुसऱ्यात स्वतःच्या फिल्टरचे. दोन्हींत कांड्या बुडवतो, बटण दाबतो. मिनिटभरात नळाच्या पाण्यात हिरवट धागे सुटतात, मग ते मातकट होते, वर फेस येतो, तळाशी गाळ बसतो. फिल्टरचे पाणी जसेच्या तसे. ‘काकी, हे पाजताय तुम्ही नातवाला?’ काकी पदर तोंडाला लावतात. चौथ्या मजल्यावरचे एक घर लगेच हप्त्यावर सही करते.

हा प्रयोग पाहायला विद्यार्थी पाठवू नका. पाठवलेत तर ते मोजतील. कांड्या लोखंडाच्या. लोखंडाचा अणुअंक २६. यंत्र त्याचे दोन इलेक्ट्रॉन ओढते, राहतात २४, तो हिरवट आयन. पुढे आणखी एक गमावला की २३, तो गंजाच्या रंगाचा. म्हणजे गाळ पाण्यातला नाही, कांडीचा. ओढलेले इलेक्ट्रॉन तारेतून फिरून दुसऱ्या कांडीवर जातात, तिथे पाण्यातला हायड्रोजन ते घेतो आणि फेस होऊन वर येतो. टँकरच्या पाण्यात काय असते? मुख्यतः कॅल्शिअम, २० वजा २, १८. मॅग्नेशिअम, १०. क्लोराईड, १८. बायकार्बोनेट, १ आणि ६ आणि २४ आणि वरचा १, ३२. तुमच्या नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर यांचाच. हे आयन वीज वाहून नेतात म्हणून त्या ग्लासात कांडी विरघळते. फिल्टरच्या पाण्यात आयन जवळपास उरलेले नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. पाणी पिण्याजोगे आहे की नाही याचा या खेळाशी काही संबंध नाही. पाण्यातले जंतू दोन्ही ग्लासांत सारखेच अदृश्य.

वर्गातली ती निऑनवाली पोरगी खाली उतरली तर ती आईकडून चिमूटभर मीठ मागून आणेल आणि फिल्टरवाल्याच्या स्वच्छ ग्लासात टाकेल. वसई-नायगाव-भाईंदरच्या मिठागरांतले असो की पाकिटातले, सोडिअमचे १० आणि क्लोराईडचे १८ कुठेही तेवढेच. मीठ विरघळले की तोही ग्लास मातकट होतो. चौथ्या मजल्यावरची सही परत मागितली जाते. तुम्ही गॅलरीतून बघत असाल तर आत जा. फिल्टरवाला तुमचा व्यवसायबंधू आहे, आज त्याच्यावर आलेली वेळ उद्या तुमच्यावर येऊ शकते.

पायरी ८. चाचणी घ्या, आणि उत्तरसूची स्वतः एकदा सोडवून बघा.

सल्फेटचे नीट लिहिलेले उदाहरण द्या. गंधकाचे १६, चार ऑक्सिजनांचे ३२, वरचे दोन, एकूण ५०. पुष्कळ मुले प्रत्येक ऑक्सिजनला दोन-दोन जादा देतात आणि ५६ वर जातात. त्यांना रागवायच्या आधी थांबा. एखादे मूल म्हणेल, ‘सर, मी चारही ऑक्सिजनला दहा-दहा दिले, पण गंधकाचे सहा काढून घेतले.’ म्हणजे ४० आणि १०, पुन्हा ५०. नायट्रेटवरही हे चालते: तीन दाहे तीस, नायट्रोजनकडे उरले दोन, एकूण ३२. सरळ रस्त्याने ७ आणि २४ आणि १, तेही ३२. उत्तर जुळते, रीत तुमच्या नोट्समध्ये नाही, म्हणून गुण अर्धा.

हायड्रोजन आयन मात्र चाचणीत घालू नका. १ वजा १, इलेक्ट्रॉन शून्य. मुलगा बरोबर उत्तर म्हणून ० लिहितो, तपासणारी ताई तो गोळा मार्कांचा समजून शेजारी तसाच आणखी एक काढते, आणि संध्याकाळी वडील गाडीतून फोन करतात. बोगद्याशिवायच्या लाइनवरही त्यांचा आवाज नेमका ‘फी’ या शब्दाला तुटत नाही.

आणि रात्री अकरा वाजता पेपर काढत असाल तर प्रभार जरा आवरून द्या. हायड्रोजनवर ‘टू प्लस’ छापलेत तर हुशार मुले वजा एक इलेक्ट्रॉन काढून आणतात, आणि उत्तरसूचीही तेच म्हणत असते. अणूकडे जेवढे आहेत तेवढेच जाऊ शकतात. उधारीवर इलेक्ट्रॉन सोडायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही, ती फक्त बिल्डरांकडे असते.

पायरी ९. समस्थानिकांची जादा बॅच काढा.

धंद्याची खरी मलई इथे आहे, कारण इथे उत्तर बदलतच नाही. समस्थानिकांत फरक असतो तो न्यूट्रॉनचा, इलेक्ट्रॉनची संख्या तीच राहते. कार्बन-१२ मध्ये ६. कार्बन-१३ मध्ये ६. कार्बन-१४ मध्ये ६. क्लोरीनचा ३५ असो की ३७, अणूत १७ आणि क्लोराईडमध्ये १८. वसईच्या केळ्यातला पोटॅशिअम घ्या: त्यातला दहा हजारांत एखादा अणू पोटॅशिअम-४० हा किरणोत्सारी असतो, तरी आयनात इलेक्ट्रॉन १८ च. केळे ताजे राजेळी खा किंवा आगाशीचे सुकेळे करून खा, उन्हात वाळल्याने एकही कमी होत नाही. महिनाभर रोज नवा अणू द्या आणि रोज तेच उत्तर घ्या. मुलांना आपण तयार झालो असे वाटू लागते, पालकांना वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा दिसतात, तुम्हाला तपासायलाही लागत नाही.

बॅचचे नाव ‘ॲडव्हान्स्ड’ ठेवा. वेळ रविवारी सकाळी सात, मेगाब्लॉक असला तरी. फी पूर्ण आणि आगाऊ, जीपे चालेल. बॅच सुरू झाल्यावर पैसे परत मिळणार नाहीत, ही ओळ फॉर्मवर खाली बारीक अक्षरात टाका आणि फॉर्म झेरॉक्सची झेरॉक्स असू द्या.